मागे पडलेली शहरे

इ. स. १४६९च्या सुमारास चौल बंदरात एक रशियन व्यापारी उतरला. विकण्यासाठी बरोबर आणलेला एक घोडा, हीच काय ती त्याची दौलत. अफानासी निकितीन हे त्याचे नाव. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी हा गृहस्थ चौलहून घाट चढून जुन्नरला गेला, पावसाळा त्याने तेथेच काढला, पुढे बीदर पाहिले आणि अखेर दाभोळहून परतीच्या जहाजात बसला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा हिरावून घेतला व धर्मांतर केल्यासच तो परत मिळेल अशी अट घातली, तेव्हा खुरासानच्या एका ख्वाजा महंमदाने रदबदली करून त्याला सोडविले, ही हकीकत आपल्याकडील इतिहासप्रेमी मंडळींना ठाऊक आहे. जुन्या पिढीतील वाचकांना १९५७ सालचा 'परदेसी' हा चित्रपटही आठवत असेल. रेवदंड्याला २००२ साली निकितीनच्या स्मरणार्थ स्तंभ उभारण्यात आला. मात्र हा मनुष्य ज्या गावाहून निघाला ते गाव कसे होते आणि आज त्यातले काय उरले आहे, हा प्रश्न आमच्याही मनात पुष्कळ वर्षे आला नव्हता.

निकितीन त्वेरचा. व्होल्गा नदीच्या काठचे हे शहर त्या काळी एका स्वतंत्र संस्थानाची राजधानी होते आणि मॉस्कोशी त्याची पिढीजात स्पर्धा होती. प्रवासवर्णनाच्या आरंभीच निकितीन गावातल्या सोनेरी घुमटाच्या, तारणहाराच्या कॅथेड्रलचे नाव घेतो. तेथून आपण निघालो असे सांगतो. तो गेला, आणि काही वर्षांतच, १४८५ साली, मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने त्वेर गिळंकृत केले. जुने कॅथेड्रल कोसळले, सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याच जागी दुसरे झाले. १७६३च्या आगीत शहराचा मध्यभाग भस्मसात झाला. तेव्हा सम्राज्ञी कॅथरीनच्या वास्तुविशारदांनी एका चौकातून त्रिशूळाप्रमाणे फुटणारे तीन सरळ रस्ते आखून नवे शहर वसविले. पीटर्सबर्ग-मॉस्को हमरस्त्यावरचे ठाणे म्हणून त्याची भरभराट झाली. १९३१ साली त्याचे नाव बदलून कालिनिन करण्यात आले, १९३५ साली ते दुसरे कॅथेड्रलही सुरुंग लावून उडविण्यात आले. १९९० साली जुने नाव परत मिळाले, आणि एकविसाव्या शतकात त्याच जागी तिसरे कॅथेड्रल नव्याने बांधले गेले. आज शहरातील सर्वांत जुनी उभी वास्तू म्हणून जे छोटे पांढरे चर्च दाखवितात, ते १५६४ सालचे, म्हणजे निकितीनच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी बांधलेले. निकितीनचा १९५५ सालचा पुतळा नदीकाठी आहे. निकितीनने पाहिलेले त्वेर मात्र नाही.

येथून आम्ही रशियातील जुन्या शहरांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि एक गोष्ट राहून राहून लक्षात येऊ लागली. ज्या शहरांचे दैव उघडले त्यांनी आपले जुने अंगरखे टाकून दिले. ज्यांच्याकडे राजसत्तेने, व्यापाराने आणि पुढे आगगाडीनेही पाठ फिरविली, त्यांच्याकडे ते राहिले. परंतु राहणे वेगळे आणि राखणे वेगळे. विस्मृतीने वस्तू काही काळ वाचते. त्यानंतर कोणीतरी तिच्याकडे वळून पाहावे लागते. ते पाहणारे बहुधा त्या त्या गावचेच निघाले.

यातले थोरले उदाहरण नोव्हगोरोदचे. नावाचा अर्थ 'नवे नगर', आणि गणना मात्र देशातल्या अत्यंत जुन्या शहरांत. पारंपरिक बखरींप्रमाणे त्याचा उल्लेख नवव्या शतकापासून येतो. व्होल्खोव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले हे शहर मेण आणि कातड्याच्या व्यापारावर श्रीमंत झाले. त्याची 'व्हेचे' नावाची नगरसभा घंटेच्या नादावर जमे. ११३६ साली नोव्हगोरोदकरांनी आपल्या राजपुत्रालाच हाकलून दिले आणि त्यानंतर राजपुत्र हा करार करून बोलवायचा व न पटल्यास वाट दाखवायची, अशी रीत पडली. १२३८ साली मंगोल फौजा व्लादिमिर, सुझदाल यांची राखरांगोळी करून उत्तरेकडे वळल्या, पण वसंतातल्या चिखलामुळे शंभरएक किलोमीटरांवरून माघारी फिरल्या. त्यामुळे १०४५ ते १०५० या काळात बांधलेले संत सोफियाचे कॅथेड्रल आजही उभे आहे. भिंती जाड, खिडक्या अरुंद, नक्षी जवळजवळ नाहीच. छायाचित्रातही ते देवालयापेक्षा गढीसारखे वाटते.

१४७८ साली तिसऱ्या इव्हानने नोव्हगोरोदचे स्वातंत्र्य संपविले आणि नगरसभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. १५७० साली त्याच्याच नातवाने, चौथ्या इव्हानने, शहरात जी कत्तल केली तिचे वर्णन आम्ही येथे करीत नाही. १७०३ साली पीटर्सबर्ग वसले आणि उरलासुरला व्यापार तिकडे गेला. १८५१ साली पीटर्सबर्ग-मॉस्को लोहमार्ग सुरू झाला, तोही नोव्हगोरोदला बाजूला ठेवून. एके काळचे प्रजासत्ताक एक आडबाजूचे जिल्ह्याचे ठिकाण होऊन बसले.

आणि म्हणूनच त्याच्या पायाखालची जमीन फारशी कोणी उकरली नाही. ही जमीन मोठी विलक्षण आहे. ओल इतकी की हवेचा शिरकाव नाही, त्यामुळे लाकूड, कातडे, साल काहीच कुजत नाही. नोव्हगोरोदचे रस्ते लाकडी ओंडक्यांचे असत. जुना रस्ता चिखलात दबला की त्यावरच नवा घालीत. एका उत्खननात अशा रस्त्यांचे २८ थर एकावर एक मिळाले. सर्वांत खालचा ९५३ सालचा, सर्वांत वरचा १४६२चा. झाडांच्या वलयांवरून ही वर्षे ठरविता आली.

त्याच उत्खननात २६ जुलै १९५१ रोजी नीना अकुलोवा या कामगार स्त्रीला फळ्यांच्या फटीत बर्चच्या सालीची एक गुंडाळी सापडली. तिच्यावर अक्षरे कोरलेली होती. उत्खननाचे प्रमुख प्राध्यापक आर्तसिखोव्हस्की यांना क्षणभर शब्द फुटेना. या शोधाची आपण वीस वर्षे वाट पाहत होतो असे ते नंतर म्हणाले, अशी आठवण सांगतात. गुंडाळीत होते काय, तर गावांकडून यायच्या करभाराची यादी! त्यानंतर आजवर एकट्या नोव्हगोरोदात अशी अकराशेंहून अधिक पत्रे मिळाली आहेत.

बर्च म्हणजे आपला भूर्ज. हिमालयातील त्याच्या जातभाईच्या सालीवर काश्मीरच्या पंडितांनी पोथ्या लिहिल्या. रशियन भाषेतले 'बेर्योझा' आणि संस्कृत 'भूर्ज' हे शब्द एकाच मुळाचे, हेही भाषाभ्यासकांना परिचित आहे. फरक इतकाच की आपल्याकडे भूर्जपत्रावर शाईने शास्त्रे लिहिली गेली, तर नोव्हगोरोदकरांनी हाडाच्या वा धातूच्या टोकाने त्यावर घरगुती निरोप कोरले आणि काम झाल्यावर रस्त्यात टाकून दिले. कोणी मिकिता कोणा उल्यानाला लग्नाचे विचारतो आणि साक्षीदाराचे नावही देतो. बोरिस नावाचा गृहस्थ बाहेरगावाहून पत्नी नास्तास्याला लिहितो की काम फार आहे, घोड्यासह माणूस पाठव, आणि माझा सदराही पाठव, तो घरी विसरला. दुसऱ्या एका पत्रात एक नास्तास्या आपल्या भावांना कळविते की माझा बोरिस राहिला नाही, आता मला आणि मुलांना सांभाळून घ्या. ही बहुधा तीच नास्तास्या असावी, असे अभ्यासकांना वाटते. १९५६ साली तेराव्या शतकाच्या मध्यातली ओनफिम नावाच्या सहासात वर्षांच्या मुलाची पत्रे मिळाली. मुळाक्षरे गिरवितागिरविता कंटाळून त्याने घोडेस्वार काढला आहे, शत्रूला भाल्याने लोळविणारा, आणि शेजारी स्वतःचे नाव घातले आहे. घोडेस्वार अर्थातच तो स्वतः!

या पत्रांची भाषा आरंभी पंडितांना अशुद्ध वाटली. अडाणी लोकांच्या चुका म्हणून कितीतरी रूपे बाजूला सारली गेली. आंद्रेय झालिझन्याक या भाषाशास्त्रज्ञाने पुढे सिद्ध केले की त्या चुका नव्हेत. ती नोव्हगोरोदची स्वतंत्र, नियमबद्ध बोली आहे आणि तिच्यात काही रूपे मॉस्कोकडच्या भाषेहूनही जुनी आहेत. इंदूर-ग्वाल्हेरची वा बेळगाव-बडोद्याची मराठी ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हा सारा वाद एकदा वाचावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

असो. ही पत्रे जमिनीखाली सुखरूप राहिली. जमिनीवरच्या गोष्टींचे दैव तसे नव्हते. ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४४ या काळात नोव्हगोरोद जर्मन सैन्याच्या ताब्यात होते आणि लढाईची आघाडी शहराच्या कडेलाच अडकून पडली होती. शहर सुटले तेव्हा दोन हजारांवर घरांपैकी जेमतेम चाळीस उभी होती. ११९९ सालच्या भित्तिचित्रांसाठी साऱ्या युरोपात नावाजलेले नेरेदित्साचे चर्च तोफांच्या माऱ्यात ढासळले. वोलोतोवो आणि कोवाल्योवो येथील चौदाव्या शतकातली चर्चे दगडमातीचे ढीग होऊन गेली. सोफियाच्या मुख्य घुमटावरचा, शिखरावर धातूचे कबूतर बसविलेला क्रूस जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश तुकडीने आपल्या देशी नेला. तो परत आला थेट २००४ साली. आता तो कॅथेड्रलच्या आत ठेवला असून घुमटावर दुसरा आहे.

कोवाल्योवोची गोष्ट थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. तेथील १३८० सालची चित्रे कायमची गेली असेच सर्वांनी धरले होते. १९६५ साली अलेक्सांद्र ग्रेकोव्ह आणि त्यांच्या पत्नी व्हालेंतिना यांनी तो ढीग चाळायला घेतला. गिलाव्याचे तुकडे, कित्येक नखाएवढे, निवडायचे, धुवायचे, रंगाप्रमाणे लावायचे, आणि जुन्या छायाचित्रांशी ताडून कोणता तुकडा कोणत्या संताच्या झग्याचा हे ठरवायचे. दोघांचे आयुष्य त्यात गेले. चेहऱ्यांमध्ये मोठमोठी रिकामी भगदाडे आहेत, ती रंगाने भरून काढायची नाहीत, असे त्यांनी ठरविले होते. पुढे वोलोतोवोतही हीच पद्धत वापरली गेली. तेथील चर्च २००१ ते २००३ या काळात पुन्हा उभे राहिले, आणि त्यासाठी पैसा आला जर्मनीतून.

नोव्हगोरोदवर युद्धाने घाला घातला. मॉस्कोच्या पूर्वेकडील सुझदालवर घाला घालण्याचे कोणी मनावरच घेतले नाही. १०२४ सालापासून बखरीत नाव असलेले, एके काळी राजधानीचा मान मिरविलेले हे गाव पुढे मठांचे आणि काकड्यांच्या मळ्यांचे गाव होऊन राहिले. १८६२ साली मॉस्कोहून निझनी नोव्हगोरोदला आगगाडी गेली ती व्लादिमिरवरून. सुझदाल तीसएक किलोमीटर बाजूला राहिले. कारखाने आले नाहीत, उंच इमारती आल्या नाहीत. विसाव्या शतकात काही चर्चे पाडली गेली, तरी गावाची आकृती टिकली: कामेन्का ही लहानशी नदी, तिच्या वळणांवरचे पांढरे घुमट, मध्ये बाजाराच्या कमानी. सुमारे दहा हजार वस्तीच्या या गावाकडे आता लाखो प्रवासी येतात. त्या गर्दीने गावाचे चित्राच्या दुकानात रूपांतर होईल की काय, अशी शंका आम्हांला येते. पण पोट भरण्याचे दुसरे साधन गावाजवळ नाही, हेही खरे.

व्लादिमिरलगत नेर्ल नदीच्या कुरणात बाराव्या शतकातले एक एकटे चर्च आहे. रशियन चित्रकारांनी त्याची असंख्य चित्रे काढली आहेत. १७८४ साली शेजारच्या बोगोल्यूबोव्हो मठाच्या प्रमुखाने ते पाडून त्याचा दगड मठाच्या बांधकामाला वापरण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळालीही! पाडण्याच्या मजुरीवरून सौदा फिसकटला, म्हणून चर्च वाचले. वारसा वाचण्यामागे दर वेळी भक्तीच असते असे नाही.

रोस्तोव्हमध्ये मात्र नागरिकांचे मन होते. नेरो सरोवराच्या काठी योना सिसोयेविच या धर्मगुरूने १६७० ते १६८३च्या दरम्यान तट, बुरूज आणि चर्चे यांचा एक भव्य वाडाच उभारला. आज त्याला रोस्तोव्हचा क्रेमलिन म्हणतात. योनाने ओतविलेल्या सर्वांत मोठ्या घंटेचे वजन दोन हजार पूद, म्हणजे सुमारे ३२ टन. तिला त्याने आपल्या वडिलांचे नाव दिले: सिसोय. अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपीठ यारोस्लाव्हलला हलले आणि हा सारा वाडा ओस पडला. त्याच्या दालनांत दारू आणि मीठ साठवू लागले, छपरांवर झाडे उगवली, पाडून टाकावे अशा सूचनाही आल्या. अखेर गावचे व्यापारीच पुढे झाले. आंद्रेय तितोव्ह आणि इव्हान श्ल्याकोव्ह या दोघांनी वर्गणी जमविली, दालने दुरुस्त केली आणि १८८३ साली तेथे संग्रहालय उघडले. तितोव्ह दुकान सांभाळून जुनी हस्तलिखिते गोळा करीत. ऑगस्ट १९५३मध्ये चक्रीवादळाने घुमट आणि छपरे उडविली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागले. ते करताना नंतरच्या काळातली ओबडधोबड छपरे न घालता सतराव्या शतकातले मूळ रूप शोधून काढले गेले. विसाव्या शतकात देशभर घंटा वितळविल्या जात असताना रोस्तोव्हच्या घंटा वाचल्या, आणि सिसोय अजून वाजते.

याच व्होल्गाकाठच्या मुलखात, १९०३च्या उन्हाळ्यात, निकोलाय रोरिक हा तरुण चित्रकार पत्नीसह हिंडत होता. रोस्तोव्ह, यारोस्लाव्हल, सुझदाल, उग्लिच, प्स्कोव्ह अशी गावे पाहत त्याने त्या पडक्या वास्तूंची चित्रे काढली. पुढे हाच रोरिक कुलूच्या दरीत नग्गरला येऊन राहिला आणि १९४७ साली तेथेच वारला. सांस्कृतिक वास्तूंना युद्धात संरक्षण मिळावे म्हणून त्याच्या नावाचा जो करार वॉशिंग्टनमध्ये झाला, तो एप्रिल १९३५मध्ये. त्वेरचे कॅथेड्रल उडविले तेही त्याच वर्षी.

उग्लिचची कथा ऐकून प्रथम हसू येते. १५ मे १५९१ रोजी तेथे चौथ्या इव्हानचा आठ वर्षांचा मुलगा दिमित्री गळ्यावर जखम होऊन मेला. खून की अपघात, याचा निवाडा अद्याप नाही. चर्चची घंटा बडविली गेली, लोक धावून आले आणि त्यांनी मॉस्कोच्या अधिकाऱ्यांना ठार केले. मॉस्कोने शिक्षा केली ती माणसांना तर केलीच, पण घंटेलाही. तिला खाली उतरवून फटके मारले, तिचा कान तोडला आणि सैबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केले. हद्दपार झालेल्या कुटुंबांची नावे बहुतेक पुसली गेली. घंटा मात्र उग्लिचकर तीनशे वर्षे विसरले नाहीत. अर्जविनंत्या करून १८९२ साली त्यांनी ती परत आणली आणि ती आज तेथेच आहे. सतराव्या शतकात तोबोल्स्कच्या आगीत मूळ घंटा वितळून गेली, आणि ही तिच्याऐवजी ओतलेली असावी, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. ते बरोबर असतीलही. आम्ही उग्लिचचे असतो तर हे मत ऐकून घेतले असते आणि घंटा होती तेथेच ठेवली असती.

ज्या गावांची पाण्याशी गाठ पडली त्यांना परत आणण्याजोगे काही उरले नाही. १९४०च्या सुमारास व्होल्गेवरील धरणामुळे काल्याझिनचा जुना भाग बुडाला. निकोलसचे कॅथेड्रल आधीच पाडले होते. त्याचा १८०० साली पुरा झालेला, ७४ मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा तेवढा पाण्यातून वर उभा आहे. मोलोगा हे सबंध शहरच एप्रिल १९४१पासून रिबिन्स्क जलाशयाखाली गेले. पाणी फार उतरले की रस्त्यांचे दगड आणि घरांचे पाये उघडे पडतात. तेथून उठविलेल्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी बरोबर आणलेल्या वस्तू, देवादिकांची चित्रे, कागदपत्रे एकत्र करून रिबिन्स्कमध्ये १९९५ साली आपल्या गावाचे संग्रहालय केले, आणि ते लोक दर वर्षी एकत्र जमतात.

पाडलेले पुन्हा बांधावे की नाही, यावर रशियात बराच वाद आहे. यारोस्लाव्हलचे कॅथेड्रल १९३७ साली पाडले गेले होते. शहराच्या हजाराव्या वर्षासाठी २०१० साली तेथे मूळच्यापेक्षा मोठे आणि वेगळ्या बांधणीचे देवालय उभारले गेले, आणि जागतिक वारशाच्या यादीत २००५ साली आलेल्या या शहराबद्दल त्यावरून कुरबूर झाली. ज्यांच्या गावचे देवालय बळाने पाडले गेले, त्यांना त्या जागी पुन्हा घंटा वाजावी असे वाटले, तर त्यांना दोष देणे आम्हांला जड जाते. पण कोवाल्योवोच्या भिंतीवरची ती न भरलेली भगदाडे आणि यारोस्लाव्हलचे चकचकीत नवे घुमट यांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर आमचे डोळे भगदाडांकडेच वळतात.

निकितीन त्वेरला परत पोहोचला नाही. हबसाण, होर्मूझ, तबरीझ, काळा समुद्र असा फिरत तो आपल्या मुलखाच्या जवळ आला आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. त्याच्या हातच्या वह्या कोणा व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन वासिली मामिरेव या दरबारी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केल्या आणि १४७५च्या नोंदीत त्या बखरीत उतरवून घेण्यात आल्या. पुढे त्यांचा कोणालाच पत्ता नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार निकोलाय करामझिन यांना त्यांची एक जुनी प्रत मॉस्कोजवळच्या त्रोइत्सा मठाच्या ग्रंथालयात सापडली. चौल, जुन्नर आणि दाभोळ ही नावे तीत होती, आणि आरंभी त्वेरच्या त्या सोनेरी घुमटाच्या कॅथेड्रलचे नाव होते.